वाफमावशीचा पहिला सडवा

हॉस्पिटलात तिला खऱ्या नावानं कुणी हाक मारल्याचं कुणालाच आठवत नाही. ऑपरेशनच्या कात्र्या, चिमटे, सुया, कापसाच्या घड्या, सगळं वाफेवर निर्जंतुक करायची खोली तळमजल्यावर होती. त्या खोलीत तिनं उभा जन्म काढला, म्हणून ती सगळ्यांची वाफमावशी. मोठमोठे डॉक्टरसुद्धा तिच्या दाराशी थबकायचे. कुणी चुकून आत आलंच तर मावशी बोलायची नाही, नुसती त्याच्या बुटांकडे बघायची. तेवढं पुरायचं.

खोलीत एक आडवं, जाडजूड यंत्र होतं. त्यात डबे रचायचे, दार आवळायचं आणि काटा लाल रेघेवर चढेपर्यंत वाट बघायची. प्रत्येक डब्यावर एक चिकटपट्टी असे आणि वाफ नीट लागली की तिच्यावर काळ्या रेघा उमटत. काळ्या रेघा उमटल्या म्हणजे आतले जंतू मेले. मावशीच्या लेखी पुरावा म्हणायचा तो एवढाच. प्रत्यक्ष जंतू तिनं कधी पाहिला नव्हता. वरच्या मजल्यावर सूक्ष्मदर्शक होता, एकदोनदा ती जिन्यापर्यंत गेलीही होती, पण 'मलाही जरा दाखवा' म्हणायला तिची जीभ कधी रेटली नाही. जे कधी डोळ्यांनी पाहिलं नाही त्याच्याशी बाईनं जन्मभर दावा मांडला, आणि तोही असा चिवट की गावातल्या निम्म्या लोकांच्या पोटावरचे टाके तिच्या जिवावर बिनबोभाट भरून आले.

निवृत्त झाल्यावर ती थोरल्या भावाकडे राहायला आली. तिचं लग्न राहून गेलं होतं. का, ते विचारायची कुणाची छाती नव्हती. भावाची बायको वारलेली, पुढे दोन खोल्या, मागे त्याचं कामाचं छप्पर, एवढ्या पसाऱ्यात तो एकटा. मावशीनं आल्या आल्या घरातली भांडी उकळली. मग फडकी उकळली, मग पायपुसणी. तेव्हा दादा म्हणाला, "चिमे, आता मी तेवढा राहिलो." चिमी हे तिचं लहानपणचं नाव. आता ती दारातून वाकून आत येण्याइतकी धिप्पाड झाली होती, पण दादासाठी अजून चिमीच होती.

दादा तांब्याची भांडी घडवायचा. बंब, किटल्या, हंडे, नळ्या, लोक सांगतील ते. पण त्याच्या मनात एक गोष्ट होती, आणि ती मात्र त्याला कुणी कधी करायला सांगितली नाही. दारू गाळायची भट्टी. पिण्याचा शौक म्हणून नव्हे. घोटभर पोटात गेली की डुलक्या काढणारा तो माणूस. त्याला वेड होतं ते घडणीचं. गोल पोट, त्यावर घुमट, घुमटातून निघून खाली झुकणारी मान, पुढे वेटोळी नळी, आणि एवढ्या सगळ्यातून वाफ कुठेही निसटता कामा नये. सुईच्या टोकाएवढं भोक राहिलं तरी सगळी मेहनत पाण्यात. हातात कसब आहे की नाही ते तिथे कळतं, असं तो म्हणायचा. त्या गावात घरापुरती गाळायला कायद्याची आडकाठी नव्हती. शेवटी त्यानं स्वतःच्याच हौसेखातर भट्टी घडवायला घेतली, आणि नेमका तेव्हाच काचबिंदू त्याच्या मागे लागला.

नजर कडेकडेनं मिटत गेली. घुमट ठोकताना त्याला हातोडा दिसायचा, हात दिसायचा नाही. मान झाळून घुमटाला जोडताना ज्योत दिसायची, सांधा दिसायचा नाही. शेवटचा सांधा त्यानं बोटांनी चाचपून झाळला, बोटं भाजून घेतली, आणि थोड्याच दिवसांत पूर्ण अंधार झाला.

मग त्यानं हत्यारं वाटायला काढली. जो येईल त्याला हातोडा. कुणी नुसता पत्ता विचारायला आला तरी कानस घेऊन जायचा. मावशी हे बघत होती. हॉस्पिटलात तिनं अशी माणसं पाहिली होती, जी उशाशी ठेवलेली एकेक वस्तू शेजारच्या खाटेवर देऊन टाकतात, हसतमुखानं. अशा माणसांचं पुढे काय होतं, तेही तिनं पाहिलं होतं.

"भट्टीही देऊन टाकणार?" तिनं एकदा विचारलंच.

"देणार. पण एकदा पेटलेली ऐकायचीय. सांधा धरतो की सुटतो, तेवढं कळलं की झालं. मग घेऊन जा म्हणावं कुणालाही."

"मग पाणी घालून पेटवू या की आत्ता."

"पाणी?" दादा भडकला. "चहाची किटली आहे का ती?"

तो भडकला याचं मावशीला फार बरं वाटलं. कित्येक महिन्यांत तो कशावरच भडकला नव्हता. भट्टीला सडवा लागतो ना, मग तो आपण घालायचा, असं तिनं तिथल्या तिथे ठरवून टाकलं. दादाला कशाची तरी ओढ लागू दे, मग ती दारूची भट्टी का असेना.

गाळण्याआधी साखरेचं पाणी आंबवून ठेवतात, त्याला सडवा म्हणतात. मावशीला तो शब्दच सोसवेना. जन्मात जिनं काही सडू दिलं नाही, तिनं आता मुद्दाम, झाकून ठेवून, सडवायचं! दादानं एका जुन्या गिऱ्हाइकाकडून ऐकलेली कृती सांगितली. साखर पाण्यात विरघळवायची, खमीर घालायचं, झाकून उबेला ठेवायचं. त्यानंही कधी केलेलं नव्हतं. दोघंही नवशिके आणि दोघंही हट्टी.

मावशीनं कामाला हात घातला तो थेट हॉस्पिटलच्या थाटात. पिंप घासलं, उकळत्या पाण्यानं विसळलं. झाकण उकळलं, लाकडी पळी उकळली, वर बांधायचं फडकं उकळलं. साखरेचं पाणी खळखळ उकळलं. मग कोपऱ्यावरच्या बेकरीतून आणलेली खमिराची पुडी उघडली. आत भुरकट, बारीक दाणे, वास जरा कुबट. किती जणांचे हात लागले असतील याला, आणि हे आपण एवढ्या स्वच्छ पाण्यात घालायचं? तिनं पुडी उकळत्या पाण्यातच रिकामी केली आणि खालचा जाळ तसाच ठेवला, चांगला वेळ. नंतर सगळं पिंपात ओतलं, झाकण दाबून बसवलं आणि कडेनं चिकटपट्टी गुंडाळली. काळ्या रेघा तेवढ्या उमटायच्या राहिल्या.

दादा रोज सकाळी भिंत धरून पिंपापाशी यायचा आणि कान लावायचा. त्याच्या कानाची ख्याती होती. भांड्यावर टिचकी मारून कुठे पत्रा पातळ झालाय ते तो सांगायचा. पण पिंपातून काही म्हणता काही ऐकू येईना. शेवटी मावशीनं झाकण काढलं. पाणी नितळ, खमिराची भुकटी तळाशी गुमान बसलेली. इतका स्वच्छ सडवा जगात कुणी घातला नसेल.

"मुकं आहे," दादा म्हणाला. जागा बदलून त्यानं पुन्हा ऐकलं. "राहू दे, चिमे. ओतून टाक. भट्टीही दे कुणाला तरी. नव्हतं व्हायचं."

तो चिडला असता तर चाललं असतं. तो अगदी शांतपणे बोलला आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजला. पण मावशी पिंप ओतायला गेली नाही. चपला अडकवून तरातरा बेकरीत गेली.

"शिळी पुडी दिलीस मला," तिनं दारातूनच तोफ डागली.

बेकरीवाला कोपरापर्यंत कणकेत होता. "मावशी, त्याच खमिराचे पाव सकाळी तुम्हीच नेलेत. काय केलंत ते सांगा बघू."

मावशीनं सांगितलं. पिंप घासण्यापासून सांगितलं, जरा अभिमानानंच. पुडी उकळल्यापर्यंत गोष्ट आली तसं बेकरीवाल्याचं तोंड उघडंच राहिलं. त्यानं बसायला काहीतरी शोधलं, पिठाच्या पोत्यावर बसकण मारली आणि पोट धरून हसत सुटला.

"अहो मावशी, ते जिवंत असतं!"

"काय जिवंत असतं?"

"खमीर! त्या एकेका दाण्यात असंख्य जीव असतात. झोपलेले. तुम्ही झोपेतच उकळलंत की हो त्यांना!"

मावशी हसली नाही. "म्हणजे जंतू?" तिनं आवाज खाली आणून विचारलं.

"जंतूंचे भाऊबंद म्हणा." बेकरीवाल्यानं डोळे पुसले. "इकडे या, दाखवतो."

मागच्या खोलीत एका लांब लाकडी पेटीत कणीक झाकून ठेवलेली होती. त्यानं मावशीला फडक्यावर हात ठेवायला सांगितलं. मावशीनं आधी हात धुतले, मग तळवा टेकवला. फडकं कोमट होतं. ती तशीच उभी राहिली. बऱ्याच वेळानं तिला जाणवलं की आपला हात वर चाललाय. ती कणकेला दाबत नव्हती, कणीकच तिला लोटत होती, कुणी पांघरूण सारून उठायला बघावं तशी. मावशीनं चटका बसल्यासारखा हात मागे घेतला आणि लगेच परत ठेवला.

"बाई गं," ती म्हणाली.

बेकरीवाल्यानं ताजी पुडी दिली आणि बजावलं, पाणी कोमटच हवं, तान्ह्या बाळाला न्हाऊ घालतो तेवढं. झाकण सैल ठेवा, नाहीतर पिंप फुटेल. आणि कृपा करून सारखं उघडून बघू नका.

घरी दादा तसाच पडला होता. मावशी खाटेच्या कडेला बसली. "दादा, खमीर मेलेलं होतं," ती म्हणाली. "मीच मारलं. उकळले मी त्यातले जीव."

"किती वेळ?" दादानं विचारलं.

"कात्र्यांना लागतो तेवढा."

त्याची पाठ गदगदायला लागली. रडतोय की काय म्हणून मावशी घाबरून पुढे झाली, तर तो हसत होता. हसता हसता त्याला ठसका लागला, तिनं पाठीवर थापट्या मारल्या. "बिचारे जीव," तो कसाबसा म्हणाला, "ऑपरेशन न होताच गेले."

साखर काही वाया गेली नव्हती. तेच पाणी पुन्हा ऊन केलं आणि पिंपात ओतलं. आता कोमट म्हणजे किती, यावरून दोघांची जुंपली. मावशीच्या हातांना इतकी वर्षं वाफ लागली होती की कढत पाण्याचंही तिला विशेष काही वाटत नसे. तेव्हा दादा उठून आला आणि त्यानं पिंपाच्या अंगाला तळवा लावला. तापल्या तांब्याचा अंदाज घेण्यात त्याची हयात गेली होती. "थांब," तो म्हणाला. थोड्या वेळानं मावशी चुळबुळली तसा, "थांब म्हटलं ना." पुडी हातात धरून ती शाळकरी पोरीसारखी उभी राहिली. शेवटी त्यानं मान हलवली. "हं. आता सोड त्यांना."

तिनं पुडी सोडली. दाणे पाण्यावर पसरले आणि तरंगत राहिले. झाकण सैल ठेवणं तिला सगळ्यात जड गेलं. हवेत काय काय असतं हे मावशीला कुणी सांगायला नको होतं. दोनदा तिचा हात झाकण आवळायला गेला आणि दोनदा तिनं तो मागे घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती अंगणात कपडे वाळत घालत होती, तेवढ्यात आतून हाक आली.

"चिमे! इकडे ये! अगं, लवकर ये!"

त्या हाकेत असं काही होतं की तिच्या हातातली ओली चादर मातीत पडली आणि तिनं ती उचललीसुद्धा नाही. तिच्या आयुष्यात हे असं पहिल्यांदाच झालं असेल. आत दादा जमिनीवर बसून, पिंपाला मिठी घालून, कान लावून होता.

"आत कुणीतरी बोलतंय," तो म्हणाला. "एकजण नाही गं. खूप जण."

मावशी त्याच्या शेजारी बसली आणि तिनंही कान लावला. साबणाचा फेस बसताना येतो तसा बारीक आवाज, फक्त तो थांबतच नव्हता. तिनं झाकण उचललं, फडकं सोडलं आणि आत पाहिलं.

नितळ पाणी कुठल्या कुठे गेलं होतं. वर सायीच्या रंगाचा जाड फेस चढला होता. त्यात ठिकठिकाणी फुगे वर येत, ताणत, फुटत, आणि फुटले तिथेच नवे येत. फेसाच्या फटीतून खालचं पाणी दिसत होतं आणि ते क्षणभर स्वस्थ नव्हतं. तळापासून वर, वरून पुन्हा तळाशी, अख्खं पिंप घुसळून निघत होतं. वास ताज्या पावाचा, आणि त्यामागून नाकाला झोंबणारं आणखी काहीतरी.

"उकळतंय रे," ती म्हणाली. "दादा, उकळतंय. आणि खाली जाळ नाही."

तिनं पिंपाला हात लावला. नुसतं उबदार. उकळी फुटली की सगळं मरतं, एवढंच तिला ठाऊक होतं. काटा वर चढला, वाफ सुटली, रेघा उमटल्या, संपलं. आणि ही उकळी येत होती ती आत कुणी जिवंत होतं म्हणून! कालच्या त्या चिमूटभर भुरकट पुडीतून! ज्यांना बघावं म्हणून ती जिन्यापर्यंत जाऊन माघारी फिरली होती, त्यांचेच भाऊबंद आज तिच्या घरात, तिच्या पिंपात, कुणाला न विचारता कामाला लागले होते. तिला हात जोडावेसे वाटले, पण एका हातात फडकं होतं.

इतके जीव आपण मारले, असं मनात येऊन तिला वाईट वाटलं का? मुळीच नाही. टाके भरून चालत घरी गेलेली माणसं तिनं पाहिली होती आणि त्यांच्यासाठी ती उद्याही यंत्राचं दार आवळायला तयार होती. पण आपण जन्मभर कुणाशी झुंजलो ते आज तिला दिसलं. समोरचा एवढा मोठा निघाला याचं तिला अपार नवल वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटला.

"रंग कसा आहे?" दादानं विचारलं.

मावशी चमकली. डोळे गेल्यापासून त्यानं कशाचाच रंग विचारला नव्हता.

"सायीसारखा. कडेला जरासा तांबूस. मधे एक मोठा फुगा आलाय, बघ, वाढतोय, वाढतोय…"

"फुटला," दादा म्हणाला. "ऐकला मी."

दोघं तिथेच बसून राहिले. ती दिसेल ते सांगायची, तो ऐकू येईल ते सांगायचा. एकदा तो म्हणाला, "उजवीकडचे जास्त बोलतायत." मावशी बघते तर खरंच, खिडकीतलं ऊन पिंपाच्या त्याच अंगावर आलं होतं. ती तोंडात बोट घालून बसली. स्वयंपाकाची आठवण दोघांनाही झाली नाही.

दादानं आपली खाट पिंपाशेजारी ओढून घेतली. उठल्या उठल्या तो मावशीला आतली बातमी द्यायचा, आज जोरात आहेत, आज दमलेत. हळूहळू आवाज ओसरत गेला आणि फेस खाली बसला. मावशीनं बोट बुडवून चाखलं. गोडी पार गेली होती, जीभ झणझणली. बेकरीवाला येऊन बघून गेला. "साखर संपवली त्यांनी," तो म्हणाला. "जी दारू केली तिच्यातच निजलेत आता, तळाशी." मावशीला गलबलून आलं. कुणी बघत नव्हतं, कुणी शाबासकी देणार नव्हतं, आणि एवढं काम करून ते जीव मुकाट खाली जाऊन पडले होते.

गलबलण्याचं दुसरंही कारण होतं, आणि ते तिला चांगलं ठाऊक होतं. सडवा झाला म्हणजे आता भट्टी पेटणार. सांधा धरला की सुटला ते कळणार. मग कुणालाही घेऊन जा म्हणायचं, आणि दादाला ऐकण्यासारखं काहीही उरायचं नाही. आपणच आपल्या पायावर धोंडा मारून घेतला असं तिला वाटलं. पिंप आणखी चार दिवस खळखळत राहिलं असतं तर काय बिघडलं असतं!

पण सकाळी दादाच म्हणाला, "चल, भर." भट्टी अंगणात मांडली. मावशी वरचा निवळ सडवा पातेल्यानं काढून भट्टीच्या पोटात ओतायला लागली. दादा तांब्यावर तळवा टेकून, पोट कुठवर भरत आलं ते अजमावत होता. शेवटी पिंपाच्या तळाशी दाट, पिठूळ गाळ तेवढा उरला. मावशीनं पिंप उचललं आणि मोरीकडे निघाली.

"कुठे चाललीस?"

"तळ फेकायला. गाळ आहे नुसता."

"फेकतेस काय? बरणीत भरून ठेव तो."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? पुढच्याला विरजण नको का?"

मावशी पिंप धरून जागच्या जागी उभी राहिली. "पुढच्या कशाला?" तिनं विचारलं, अगदी हळू.

"सडव्याला, चिमे, सडव्याला! एकदाच पेटवायला का मी एवढ्या पोटाची घडवली ही?" दादा खेकसला. "आणि सांधा सुटला तर सुटला. दुसरा झाळीन. हात शाबूत आहेत माझे."

मावशीनं पिंप खाली ठेवलं आणि बरणी शोधायला घरात गेली. रडू अनावर झालं होतं. दादाला दिसणार नव्हतं, पण त्याच्या कानांपासून काही लपत नाही. म्हणून ती फडताळात डोकं घालून, पातेली, झाकण्या, डबे, हाताला लागेल ते एकमेकांवर आपटत, खडखडाट करत रडली.

"अगं, बरणी शोधतेस की घर पाडतेस?" अंगणातून दादा ओरडला.